तुझी बारावी गोष्ट

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

आज तुझं पुस्तक परत आलं.

दुपारी ऑफिसच्या पोस्ट बॉक्सचं टपाल वाटलं, त्यात खाकी पाकीट होतं. मीच इथून, बहारीनहून, पुण्याला पाठवलेलं. आत तुझ्या गोष्टी, माझ्या अक्षरात, आणि वर प्रकाशकाचं टाइप केलेलं पत्र. 'लेखन प्रामाणिक आहे. मात्र बोली फार स्थानिक असल्याने सर्वसाधारण वाचक अडखळेल. शिवाय गायरान, मोर्चे, पंचनामे या विषयावर अलीकडे पुष्कळ येऊन गेले आहे. लेखकास आमच्या शुभेच्छा कळवाव्यात.'

कशा कळवू, सांग! तुला जाऊन आठ महिने झाले.

तू होतास तेव्हा दर शुक्रवारी मी तुला पत्र लिहायचो. सुट्टीचा वार, सकाळी चहा झाला की कागद पुढं घ्यायचा. तू गेल्यावरही शुक्रवार येतातच. मी टेबलाशी बसतो आणि उठतो. शोभा विचारते, "बाजारात जाऊन येऊ का?" मी हो म्हणतो. आज शुक्रवार नाही, तरी बसलो तो उठलो नाही. एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, ती सांगायची आहे. थोडा धीर धर, तिथवर येतो.

तुझं अक्षर पूर्वी किती चांगलं होतं रे! हजेरी मास्तर म्हणून रोजगार हमीच्या कामावर लागलास, तेव्हा तुझं मस्टर बघून इंजिनिअर म्हणाला होता, "हे छापलंय की लिहिलंय?" आबा ते वाक्य वर्षभर सांगत फिरले. मग गावानं आपल्या गायरानात ढोरं घातली. तू आडवा उभा राहिलास आणि कुणाची तरी काठी तुझ्या उजव्या हातावर बसली. तीन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. मी तेव्हा बहारीनला येऊन वर्ष झालं होतं. वहिनीनं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं होतं, 'ह्यांचा हात दुखावला आहे, काळजी करू नये.' दुखावला म्हणे!

सहा महिन्यांनी तुझं पहिलं डाव्या हाताचं पत्र आलं. चार ओळींनी पान भरलेलं. 'वश्या, आता नोकरी नाही. वेळ आहे. गोष्टी लिहायलोय. पण माझं मलाच वाचता येत नाही. तुझं अक्षर ड्रॉइंगवाल्याचं. तू उतरवून देशील का?'

मी लगेच हो म्हणालो. किती सोपं होतं ते हो म्हणणं!

जुन्या मस्टरच्या कोऱ्या पाठीवर तू लिहायचास. एका बाजूला बायामाणसांचे अंगठे, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच गोष्टी. सुट्टीवरून परतणारा कुणी भेटला की त्याच्या हाती गठ्ठा पाठवायचास. इथं मनाम्याच्या हूरा भागातल्या त्या खोलीत आम्ही चौघं राहत होतो, खाली हॉटेलाचा मुदपाकखाना, तळणाचा वास दिवसभर. बाकीचे तिघं शुक्रवारी दुपारी झोपायचे आणि मी तुझी एकेक ओळ लावत बसायचो. एखादा शब्द लागायचा नाही. मग मोठ्यानं म्हणून बघायचो, आपल्या घरात कसा म्हणत होते तसा. म्हटला की लागायचा.

पहिल्या गोष्टीवरून आपलं भांडण झालं, आठवतं? गंगूआत्याची गोष्ट. गावातल्या लोकांचे गोठे झाडून जन्म गेलेली आत्या गायरानात ज्वारी पेरते. हुरड्यात आलेल्या ज्वारीत गाव ढोरं सोडतं. आत्या पिकात मधोमध उभी राहते आणि येणाऱ्या एकेका गाईला नावानं हाक मारते. सगळ्यांचं शेण तिनंच काढलेलं, सगळ्यांची नावं तिला पाठ. "चांदे, थांब. कपिले, तू पन आलीस व्हय?" आणि ढोरं थांबतात! तोंड खाली घालत नाहीत. हाकणारे काठ्या मारून थकतात. आणि दुसऱ्या दिवशी गाव शेजारच्या गावातली ढोरं आणतं. त्यांची नावं आत्याला माहीत नसतात.

ती गोष्ट उतरवताना माझा हात थांबला होता. पण मी शहाणा! मी 'ढोरं'चं 'गुरं' केलं, 'व्हय'चं 'होय' केलं. छापायचं तर नीट दिसायला हवं, असं मला वाटलं. तुझं पत्र आलं. 'वश्या, गंगूआत्या मेली तरी गुरं म्हणंल का? मह्या मानसांच्या तोंडात परक्याची जीभ घालू नको. जमीन तर घ्यायलेच, बोलनं तरी राहू दे.'

मी सगळी गोष्ट पुन्हा लिहून काढली. आज प्रकाशकाचं पत्र वाचताना पहिल्यांदा तुझा राग आला, दादा. वाटलं, माझं ऐकलं असतंस तर! मग गंगूआत्याला 'होय' म्हणताना मनातल्या मनात ऐकून पाहिलं. छे! ती आत्या नव्हतीच.

एकदा तुझी गोष्ट मी इथं वाचली होती. शुक्रवारी आपले लोक कुणाच्या तरी फ्लॅटवर वंदनेला जमतात. कुणी ऑफिसात आहे, कुणी रिफायनरीत फिटर, कुणी टायपिस्ट. वंदना झाली, जेवणाआधी मी म्हटलं, माझ्या भावाची गोष्ट वाचतो. सगळे बसले. मी वाचत गेलो आणि खोली गप्प होत गेली. मला वाटलं, पोचतंय. संपल्यावर आमच्यातले वडीलधारे पगारे साहेब म्हणाले, "चांगली आहे. पण वसंतराव, पोरांसमोर कशाला? हे सगळं मागं टाकायला तर आपण इथवर आलो."

मागून एका पोरानं आईला विचारलं, "मम्मी, इज इट ओव्हर?"

मी कागद पिशवीत घातले. तुला लिहिलं, सगळ्यांना फार आवडली. तुझ्याशी बोललेलं ते पहिलं खोटं. लहान होतं, म्हणून जमून गेलं.

आता गायरानाकडं येतो. तुला काय सांगायचं, तू तर तिथंच राहिलास. पण मला ते लिहायला हवं. मुरमाची पडीक जमीन, गट नंबर एकशे सत्तावीस. आबांसकट वस्तीतल्या तेवीस घरांनी धोंडे वेचून वेचून तिला माती दिसेपर्यंत आणलं. आपण दोघं लहान होतो, धोंडे आपणही वाहिले. सातबाऱ्यावर सरकारचं नाव. तलाठी पिकांची नोंद करायला बांधापर्यंत यायचा आणि तिथूनच परत जायचा. वीस वर्षं ज्वारी उगवली, तूर उगवली, कागदावर मात्र तिथं गवत!

मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होतो. सुट्टीत घरी येताना टेप मागून आणली. तू म्हणालास, "वश्या, शिकतोस ना? मग मह्या एका कामाचं शीक. हे सगळं मोज." तीन दिवस आपण मोजत होतो. टेपेचं एक टोक तुझ्याकडं, एक माझ्याकडं. ज्याचा तुकडा, तो माणूस सोबत चालायचा. गंगूआत्या म्हणाली, "मह्या तुकड्यात मह्यंच नाव लिव्ह. नवऱ्याचं नगं, त्यो कवाच गेला." तेवीस तुकडे, तेवीस नावं, मधली विहीर, बाभळी, सगळं काढलं. आयटीआयत नेऊन सरांना दाखवलं, तर त्यांनी कोपऱ्यात सही केली, तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाले, "हा तुझा पहिला खरा नकाशा."

खरा होता तो. त्याच्यानंतर मी शेकडो नकाशे काढले, दादा. तसला एकही नाही.

इथं कसले काढतो ते तुला लिहायचो ना? सनाबिस गावाच्या किनाऱ्यापुढचा उथळ समुद्र भरून नवी जागा तयार होत होती. मॉल, ऑफिसं, पार्किंग. आमची कंपनी त्यातला एक तुकडा करत होती आणि त्याच्या रेघा माझ्या टेबलावरून जायच्या. ड्रॉइंगची भेंडोळी साइटवर पोचवायला हाजी हसन नावाचा ड्रायव्हर होता. सनाबिसचाच, साठीचा. आधी मासेमारी करायचा. एके दिवशी माझ्या टेबलाशी वाकून बघत राहिला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "इसमें हमारा बहर किधर?"

बहर म्हणजे समुद्र. ओहोटीच्या उथळ पाण्यात खजुरीच्या झापांचं कुंपण घालून त्याच्या बापजाद्यांनी मासे धरले होते. प्रत्येक घराची जागा ठरलेली, असं तो सांगत होता. मी खुणा बघून अंदाजानं एका जागी बोट ठेवलं. कार पार्किंग होतं तिथं.

"पेपर में हमारा नाम?" त्यानं विचारलं.

"मफी, हाजी," मी म्हणालो. नाही.

"खलास?"

"खलास."

तो हसला, भेंडोळी काखेत घेऊन गेला. मी तुला हे लिहिलं, तर तू उलट टपाली लिहिलंस, 'त्या म्हाताऱ्याचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात लिही, पेन्सिलीनं का होईना. आन् त्याची गोष्ट तू लिही. सगळ्या गोष्टी मीच लिहायच्या का?' मी दोन्ही केलं नाही. कामाच्या कागदावर असलं काही लिहिता येत नाही, दादा. आणि गोष्ट? गोष्ट लिहायला काय लागतं ते मला तुझी अक्षरं लावताना कळलं होतं. ते माझ्यात नव्हतं.

मग सुनावणीचं पत्र आलं. तू सगळं बारीक लिहिलं होतंस. सरकारनं ठरवलेल्या तारखेआधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा दिला तर जमीन नावावर होणार होती. पुरावा म्हणजे काय, तर माझा नकाशा. तालुक्याच्या साहेबानं तो हातात घेतला, शिक्का बघितला आणि विचारलं, "हा कोणी काढला?" तू म्हणालास, "मह्या भावानं." साहेब म्हणाला, "मग त्याला आणा. त्याच्या तोंडानं सांगू द्या कुठला तुकडा कोणाचा. सही करणारे मास्तर वारले म्हणता. मग त्याच्याशिवाय हा नुसता कागद आहे." पुढची तारीख दीड महिन्यानंतरची होती.

'तू ये,' तू लिहिलंस. 'एका दिवसाचं काम हाय. वस्ती तुह्या वाटंकडं डोळे लावून बसली. आत्या तर रोज इचारती, वसंता निघाला का?'

मी तुला काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल. 'पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात असतो. साहेबांकडं रजा मागितली. नाही म्हणाले. फार प्रयत्न केला.'

दादा, मी रजा मागितली नव्हती.

पासपोर्ट कंपनीकडं होता, ते खरं. पण मी मागितलाच नाही. त्या आठवड्यात शोभाच्या आणि पिंकीच्या फॅमिली व्हिसाचे कागद कुरियन साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. कुरियन आमचे चीफ ड्राफ्ट्समन, केरळचे. सहा वर्षं मी एकटा काढली होती. मुलगी मला फोटोतून ओळखायची. मला भीती वाटली, आत्ता रजा मागितली तर साहेब म्हणतील, याचं लक्ष घराकडं आहे, आणि कागद तसेच राहतील. दोनदा त्यांच्या केबिनपर्यंत गेलो. दोनदा दुसरंच काही विचारून परत आलो.

हे कारण मी स्वतःला खूप वेळा सांगितलं. पण त्याच्याखाली आणखी एक होतं, तेही आज लिहितो. मला त्या ऑफिसात जाऊन उभं राहायचं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात तासन्‌तास बसायचं, शिपायानं नाव पुकारताना आडनावावर थांबायचं, गावातले लोक भिंतीला टेकून हसत बघणार. इथं मला मिस्टर वसंत म्हणत होते, दादा. सहा वर्षांत मला त्याची सवय झाली होती. तू त्याच व्हरांड्यात मोडका हात घेऊन महिनोन्‌महिने बसत होतास आणि मला एका दिवसाची लाज वाटली!

सुनावणी माझ्याशिवाय झाली. तू लिहिलंस, 'निकाल इरोधात गेला. नकाशा फायलीत लावला नाही, परत दिला.' बस, एवढंच. मला एका शब्दानं बोलला नाहीस. का नाही बोललास रे? शिवी तरी द्यायची!

पुढं दोनेक महिन्यांनी चहा पिताना मी कुरियन साहेबांना गावाकडचं सांगितलं. जमीन गेली म्हणालो. कशी, ते विचारल्यावर तेही सांगितलं. कप खाली ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले. "अरे भाई, बोला क्यों नहीं? दस दिन तो मैं ऐसे ही दे देता. पासपोर्ट शाम को मिल जाता."

मी म्हणालो, "काम बहुत था, सर."

"काम?" ते म्हणाले, आणि कप उचलून केबिनमध्ये गेले.

शोभा आणि पिंकी आल्या. आम्ही हूऱ्यातच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. गायरानावर पोलीस बंदोबस्तात तारेचं कुंपण पडलं, ते त्याच महिन्यात. झाडं लावायची म्हणे. उभी तूर उपटली. तुम्ही आडवे झालात आणि तुम्हाला उचलून नेलं, चार दिवस आत ठेवलं. हे मला तुझ्या पत्रातून कळलं नाही, तुझ्या अकराव्या गोष्टीतून कळलं. त्या गोष्टीत पोलीस गाडीत बसलेला एक म्हातारा विचारतो, "सायेब, तूर उपटायला मजूर लागतील ना? आमालाच लावा. आमाला सवय हाय." ती ओळ उतरवताना पिंकी शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू स्टॉपिंग?" मी म्हटलं, अक्षर लागत नाहीये.

झाडांची रोपं त्याच उन्हाळ्यात जळून गेली. पाणी घालायला कुणी ठेवलंच नव्हतं. आता तिथं ना झाड, ना ज्वारी. आतला मुरूम पुन्हा वर आला असेल.

तुझ्या काविळीची बातमी आणि तू गेल्याची बातमी एकाच फोनमध्ये आली. तालुक्याच्या बूथवरून कुणीतरी ऑफिसला लावला होता. मी रजा मागितली. पाच मिनिटांत मिळाली. संध्याकाळी पासपोर्ट हातात. दुसऱ्या दिवशीचं तिकीट. किती सरळ होतं सगळं!

मी पोचलो तेव्हा तुझी राख थंड झाली होती. पुण्यानुमोदनाला वस्ती जमली, पण अर्धीच. बाकीची घरं कुलपं लावून कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्याकडं बांधकामावर गेलेली. गंगूआत्या तुझ्या आधीच गेली, हे मला तिथं कळलं. तू मला लिहिलं नाहीस. मला वाईट वाटू नये म्हणून, की मला सांगण्यासारखं आता काही उरलं नाही म्हणून?

सगळे गेल्यावर वहिनी आली. हातात फडक्यात बांधलेला गठ्ठा. "हे तुमच्यासाठी ठिवलं व्हतं. म्हनाले, वश्यालाच दे." मी गठ्ठा घेतला. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "भावजी, तुमाला रजा देत न्हवते ना? यंदा कशी दिली?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, दादा. ती खरंच विचारत होती.

"साहेब बदलला, वहिनी," मी म्हणालो. "नवा साहेब चांगला आहे."

तिनं मान डोलावली. "असा साहेब मंग आधी यायला पायजे व्हता," म्हणाली आणि भाकरी टाकायला आत गेली.

तुझ्या घरात, तुझ्या बायकोला, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पुन्हा खोटं बोललो.

गठ्ठ्यातली गोष्ट मी इथं येऊन वाचली. बारावी. नाव 'सुनावणी'. अक्षर इतकं थरथरलेलं की तीन शुक्रवार गेले. आखाती देशात राहणारा धाकटा भाऊ पहाटेच्या एसटीनं गावी उतरतो. हातात एक बॅग, अंगावर प्रवासाची धूळ. थोरला त्याला घेऊन तालुक्याला जातो. नाव पुकारल्यावर धाकटा आत जातो. साहेब विचारतो, "कुठून आलास?" तो म्हणतो, "बहारीनहून." साहेब विचारतो, "रजा दिली?"

आणि तू त्याच्या तोंडी लिहिलंस, "मागितली, साहेब. मागितली की देतात."

मी ते वाक्य वाचून उठलो आणि नळाखाली तोंड धरलं. शोभानं विचारलं, काय झालं? उकडतंय म्हणालो.

पुढं तो नकाशावर बोट ठेवतो आणि एकेक नाव सांगतो. तू तेवीसच्या तेवीस नावं लिहिलीस. साहेब लिहून घेतो. बाहेर आल्यावर आत्या त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडते. निकाल काय लागतो, ते गोष्टीत नाही. दोघं भाऊ स्टँडवर चहा पितात. थोरला म्हणतो, "जा आता. रजा संपंल तुही." इथं गोष्ट संपते.

तुला ठाऊक होतं! कधीपासून? निकालाच्या आधीपासून? कुणी सांगितलं, की माझ्या पत्रातल्या 'फार प्रयत्न केला' या तीन शब्दांवरूनच कळलं? आणि कळून तू हे लिहिलंस? त्या डाव्या हातानं, अंगात कावीळ असताना, मला एसटीतून उतरवलंस, साहेबापुढं उभं केलंस, आत्याच्या हाताखाली नेलंस. जे मी केलं नाही, ते सगळं माझ्या नावावर केलंस. शिक्षा केली असतीस तर बरं झालं असतं.

आता यापुढचं ऐक. प्रकाशकाला पुस्तक पाठवताना ती गोष्ट मी काढून ठेवली. अकराच पाठवल्या. मनाशी म्हटलं, अक्षर नीट लागलं नाही, दोन ठिकाणी शंका आहे, अपुरी आहे. शंका कसली! तीन शुक्रवार लागले खरे, पण ती एकच गोष्ट मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लख्ख लागली होती. प्रकाशकाच्या पत्रात आणखी एक ओळ आहे, 'संग्रह अचानक थांबल्यासारखा वाटतो.' बारावी असती तर त्यांनी छापलं असतं, असं मी म्हणत नाही. बाकीची कारणं पुरेशी होती. पण ते आता कळायचा मार्ग मीच ठेवला नाही. तुझं जमिनीचं काम माझ्यामुळं अर्धं राहिलं आणि पुस्तकही मी पुरं जाऊ दिलं नाही.

आणखी कुणाला पाठवू? दोन नावं आहेत माझ्याकडं. पाठवीन. पण खरं सांगू, मला आशा नाही. ज्यांच्यासाठी लिहिलंस ते कुणाच्या तरी फडात मोळ्या बांधतायत, आणि ज्यांना वाचता येतं त्यांना आधीच पुष्कळ झालंय. पिंकीला तुझी बोली कळते, पण वाचता येत नाही. ती शिकेल असं मी म्हणतो. तीही इंग्रजीतून हो म्हणते.

म्हणून तुला मोठं काही वचन देत नाही. एवढंच करतो. आज कुरियन साहेबांकडं रजेचा अर्ज दिलाय, मे महिन्याचा. साहेबांनी विचारलं, "घर पे सब ठीक?" मी म्हटलं, "नहीं, सर." आणि त्यांनी सही केली. मी गावी येईन. आधी वहिनीकडं जाईन आणि तिला सांगेन, साहेब कधी बदलला नव्हता. तिनं मला दाराबाहेर काढलं तरी चालेल. मग जी घरं वस्तीत उरली असतील, त्या प्रत्येक दारात उभं राहून सांगेन की वसंताला कुणी अडवलं नव्हतं. सात घरं उरलीत म्हणे, तीही उन्हाळ्यात गावात असतील की नाही, कोण जाणे. असतील तेवढ्यांना सांगेन. जमीन परत येणार नाही, आत्या येणार नाही, तू येणार नाहीस. माफी मागणार नाही, कारण ती कुणी द्यावी असं मला वाटत नाही. त्यांनी इतकी वर्षं मला चांगलं म्हटलं, ते मात्र त्यांच्याकडून काढून घेईन.

तुझा,
वश्या
हूरा, मनामा